उपचारातले चुंबकीय कण आणि ते मोजणारे सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकशाखेचे आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, शल्यचिकित्सक आणि रुग्णांचे नातेवाईक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे चुंबकीय कण नेमके कसले असतात? शरीरात लोखंडाचा चुरा सोडतात का?

चुरा नाही. हे लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइटचे, स्फटिक असतात. गाभ्याचा व्यास साधारण ५ ते २० नॅनोमीटर असतो. तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाच्या तीनशेव्या भागाहूनही तो लहान भरतो. गाभ्यावर डेक्स्ट्रानसारख्या (शर्करेच्या लांब साखळीच्या) पदार्थाचं वेष्टण असतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि रक्तात तरंगत राहतात. काही औषधांत असे अनेक गाभे एका वेष्टणात असतात. तेव्हा पूर्ण कण ६० ते १०० नॅनोमीटरपर्यंत जातो.

इतक्या लहान आकारामुळे कणाला एक उपयोगी गुण मिळतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत कण जोरदार चुंबक होतो. क्षेत्र काढलं की उष्णतेच्या हालचालीने त्याची दिशा सतत उलटसुलट होते आणि एकूण चुंबकत्व शून्यावर येतं. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. हा गुण नसता, तर कण एकमेकांना ओढून रक्तवाहिनीत गुठळी करून बसले असते.

२. औषध टोचलं की काम झालं. कण मोजायचे कशाला?

टोचलेली मात्रा आणि जागेवर पोहोचलेली मात्रा यांत फार मोठं अंतर असतं. शिरेतून दिलेले कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी भराभर उचलतात. सर्व प्रकारच्या नॅनोकणांवरच्या दहा वर्षांच्या संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ट्यूमरपर्यंत पोहोचलेला वाटा मध्यकाने फक्त ०.७ टक्के निघाला. या आकड्यानंतर ‘अमुक मिलिग्रॅम दिलं’ एवढ्या माहितीवर उपचार ठरवणं मला पटत नाही.

कणांनी ट्यूमर तापवायचा असेल, तर जागेवरच्या कणांच्या वस्तुमानावर उष्णता ठरते. कण कमी पडले तर उपचार वाया जातो, आणि शेजारच्या निरोगी भागात साठले तर तो भाग भाजतो. कणांना औषध बांधून चुंबकाने ओढायचं असेल, तर किती ओढले गेले हे कळायला हवं. कणांनी खूण केलेल्या पेशी शरीरात सोडल्या, तर त्या कुठे टिकल्या हे पाहावं लागतं.

३. सेन्सर कण मोजतो म्हणजे काय? तो कण मोजून संख्या सांगतो का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल, तर हे वाचा. सेन्सरला कणही दिसत नाहीत आणि मिलिग्रॅमही दिसत नाहीत. तो जिथे आहे तिथलं चुंबकीय क्षेत्र, किंवा क्षेत्रातला बदल, तेवढाच त्याला कळतो. त्यावरून वस्तुमान काढायला आणखी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: कण किती अंतरावर आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत.

एक हिशोब करून पाहू. १ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट एका ठिकाणी गोळा आहे आणि जोरदार क्षेत्राने पूर्ण चुंबकित केलं आहे असं धरा. त्याच्या अक्षावर ५ सेंटिमीटर अंतरावर सुमारे १५० नॅनोटेस्ला क्षेत्र मिळतं. अंतर १० सेंटिमीटर केलं की तेच १८ नॅनोटेस्लावर येतं, कारण क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. म्हणजे ५ सेंटिमीटरवरचा तो संकेतही पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीनशेव्या भागाच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात रुग्णावर इतकं जोरदार क्षेत्र क्वचितच लावतात, म्हणून खरा संकेत याहून बराच लहान असतो.

आता अंतराच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, तर वस्तुमानात ३० टक्क्यांच्या आसपास चूक होते. सेन्सर कितीही उत्तम असला तरी ही चूक तो भरून काढू शकत नाही. अवस्थेमुळे होणारी चूक प्रश्न ११ मध्ये आहे.

४. शरीरात लोह असतंच. मग सेन्सर गोंधळत नाही का?

प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, पण त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये आणि बाकीचं मुख्यतः फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात. त्यांचा चुंबकीय प्रतिसाद या कणांच्या मानाने अतिशय क्षीण असतो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तर चुंबकाला किंचित दूर लोटतं. ऑक्सिजन सुटला की ते किंचित ओढलं जातं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांनी १९३६ मध्ये हे दाखवून दिलं.

मात्र यकृतात लोह खूप साठलं असेल, उदाहरणार्थ वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत, तर तो क्षीण प्रतिसादही मोजता येतो. बाहेरून यकृतातलं लोह मोजण्याचं तंत्र १९८० च्या दशकापासून याच तत्त्वावर चालत आलं आहे. अशा रुग्णात कणांचं मोजमाप करायचं असेल, तर कण देण्यापूर्वीचं मोजमाप घेऊन ठेवायलाच हवं.

५. यासाठी कोणता सेन्सर सर्वांत चांगला?

कामावर अवलंबून आहे, पण टाळाटाळीचं उत्तर द्यायचं नाही, म्हणून प्रत्येकाबद्दल स्पष्ट लिहितो.

तांब्याच्या तारेचं वेटोळं हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत वापरला जाणारा सेन्सर. क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका विद्युतदाब जास्त. म्हणून हजारो हर्ट्झच्या आलटत्या क्षेत्रात तो उत्तम चालतो आणि संथ बदलांना निकामी ठरतो. शस्त्रक्रियेतले प्रोब, म्हणजे हातात धरून शरीरावर टेकवायचे सेन्सर, याच तत्त्वावर चालतात.

हॉल सेन्सर (१८७९ मध्ये एडविन हॉलने शोधलेला परिणाम) लहान आणि स्वस्त असतो, जोरदार क्षेत्रातही टिकतो, पण क्षीण संकेत त्याला पकडता येत नाहीत. जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, क्षेत्रानुसार विद्युतरोध बदलणे) सेन्सरमागचा परिणाम १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला आणि २००७ चं नोबेल त्यांना मिळालं. हे सेन्सर चिपवर बसतात. कण सेन्सरच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटलेला असेल तिथे, म्हणजे रक्ताच्या नमुन्यातली प्रथिनं शोधण्याच्या चाचण्यांत, ते शोभतात.

संवेदनशीलतेत स्क्विड हा अतिवाहकावर चालणारा सेन्सर वरच्या पायरीवर आहे. १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसनने वर्तवलेल्या परिणामावर १९६४ मध्ये पहिलं उपकरण बनलं. काही फेम्टोटेस्लापर्यंतचे बदल ते टिपतं (१ फेम्टोटेस्ला म्हणजे पिकोटेस्लाचा हजारावा, नॅनोटेस्लाचा दहा लाखावा भाग). हृदयाचं स्वतःचं क्षेत्र छातीबाहेर काही दहा पिकोटेस्ला असतं, म्हणजे त्याच्याहीपेक्षा हजारो पट लहान बदल स्क्विडला कळतो. पण त्याला उणे २६९ अंशांवरचं द्रव हेलियम लागतं, किंवा दुसऱ्या प्रकाराला उणे १९६ अंशांवरचा द्रव नायट्रोजन. रुबिडियम किंवा सीझियमच्या वाफेतून लेसर सोडून चालणारे सेन्सर आता त्याच संवेदनशीलतेच्या जवळ आले आहेत आणि त्यांना थंडावा लागत नाही. त्यांची अडचण वेगळी: सर्वांत संवेदनशील प्रकाराला आजूबाजूचं क्षेत्र जवळजवळ शून्य हवं असतं.

माझं मत सांगतो. लोक तपशीलपत्रकातली संवेदनशीलता पाहून सेन्सर निवडतात आणि अंतर विसरतात. थंड पात्रातला स्क्विड भिंतीच्या जाडीमुळे त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटर दूरच राहतो. क्षेत्र अंतराच्या घनाने घटत असल्याने, दहा पट कमी संवेदनशील सेन्सरचं कणांपासूनचं अंतर निम्म्याहून थोडं कमी करता आलं, तर तो बरोबरीला येतो. त्वचेखालच्या उथळ गाठीसाठी साधं वेटोळं महागड्या यंत्रणेला सहज मागे टाकू शकतं.

६. बाहेरचा गोंगाट, म्हणजे लिफ्ट, गाड्या, विजेच्या तारा, यातून संकेत कसा वेगळा करतात?

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोह मिश्रधातूच्या) भिंतींची खोली. बर्लिनमधल्या पीटीबी या जर्मन मापन संस्थेच्या खोलीला म्यू-मेटलचे सात थर आहेत. दुसरा मार्ग स्वस्त आहे. दोन वेटोळी उलट दिशेने जोडायची. दूरच्या लिफ्टचं क्षेत्र दोन्हींत जवळजवळ सारखं पडतं आणि वजा होतं. जवळच्या कणांचं क्षेत्र एका वेटोळ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी पडतं, म्हणून ते उरतं. याला ग्रेडिओमीटर म्हणतात. शस्त्रक्रियागृहात बहुधा हाच मार्ग चालतो.

७. क्षेत्र बंद करून मग मोजतात असं ऐकलं. क्षेत्र बंद केल्यावर मोजायला काय उरतं?

उरते ती कणांची परतीची वाट. आधी काही मिलिटेस्लाचं क्षेत्र सुमारे सेकंदभर लावून कण एका दिशेला आणतात, मग ते अचानक बंद करतात. कणांचं चुंबकत्व विरत जातं आणि तो उतार सेन्सर नोंदवतो. याला मॅग्नेटोरिलॅक्सोमेट्री म्हणतात. क्षेत्र बंद असल्याने ऊतींचा स्वतःचा प्रतिसादही शून्य होतो. उरलेला संकेत फक्त कणांचा, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

विरण्याचे दोन रस्ते आहेत. कण द्रवात मोकळा असेल तर तो आख्खा फिरतो. १०० नॅनोमीटरच्या कणाला पाण्यात यासाठी साधारण ०.४ मिलिसेकंद लागतात. कण पेशीला किंवा प्रतिपिंडाला चिकटून अडकला असेल, तर तो फिरू शकत नाही. तेव्हा फक्त आतल्या चुंबकत्वाची दिशा पलटते. हा दुसरा काळ गाभ्याच्या आकारमानावर घातांकाने अवलंबून असतो. मॅग्नेटाइटसाठी साधा हिशोब केला, तर १५ नॅनोमीटरच्या गाभ्याला सुमारे ०.३ मायक्रोसेकंद, २० नॅनोमीटरला मिलिसेकंदभर आणि २५ नॅनोमीटरला कित्येक मिनिटं लागतात.

म्हणून मोकळे आणि बांधलेले कण एकाच मोजमापात वेगळे ओळखता येतात, नमुना धुवावा लागत नाही. पण त्याच कारणाने, गाभ्याचा आकार या खिडकीबाहेर असलेले कण या पद्धतीला दिसतच नाहीत. अगदी लहान कण सेन्सर जागा होईपर्यंत विरून गेलेले असतात, आणि मोठे कण मोजमाप संपेपर्यंत हलत नाहीत.

८. एमआरआयमध्ये हे कण दिसतात. मग वेगळे सेन्सर कशाला?

एमआरआय कण पाहत नाही. कणांमुळे शेजारच्या पाण्यातल्या प्रोटॉनांचा संकेत किती बिघडला, ते तो पाहतो. प्रतिमेत कणांच्या जागी काळा डाग दिसतो. असाच काळा डाग रक्तस्रावाचा असू शकतो, हवेचा असू शकतो. कण जास्त असतील तर संकेत पूर्ण बुडतो आणि ‘खूप आहेत’ यापलीकडे काही सांगता येत नाही.

थेट कणांचीच प्रतिमा काढणारं तंत्र म्हणजे मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग. फिलिप्सच्या हॅम्बुर्ग प्रयोगशाळेतल्या बर्नहार्ड ग्लाइश आणि युर्गन वायझेनेकर यांनी ते २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. कणांचा प्रतिसाद क्षेत्राच्या सरळ प्रमाणात न वाढता वक्र असल्याने, त्यांना एका वारंवारतेने हलवलं की ते तिप्पट, पाचपट वारंवारतेचे संकेतही देतात. ऊती असे संकेत देत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ असते. लहान प्राण्यांसाठीची यंत्रं विकत मिळतात, माणसाच्या डोक्याच्या आणि पायाच्या मापाची यंत्रं संशोधन प्रयोगशाळांत बनली आहेत.

९. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत हे वापरतात का?

हो. रोजच्या वैद्यकीय वापरात या तंत्राने सर्वांत ठाम जागा इथेच मिळवली आहे. कर्करोग पसरला असेल तर तो प्रथम ज्या लसिकाग्रंथीत पोहोचतो, ती सेंटिनल नोड शोधून तपासायची असते. जुन्या पद्धतीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्याचं अर्धायुष्य फक्त ६ तास, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ त्याच्याशी बांधली जाते आणि अणुवैद्यक विभाग जवळ लागतो. कण मात्र ग्रंथीत टिकून राहतात. अशा कणांच्या मॅगट्रेस या द्रव्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली.

शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. प्रोब चालू असताना जवळ धातूची अवजारं चालत नाहीत, म्हणून त्या टप्प्यावर प्लास्टिकचे हुक आणि चिमटे वापरतात. आणि टोचलेल्या जागी त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतो, तो बरेच महिने दिसतो. रुग्णाला हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगायला हवं.

१०. कणांनी ट्यूमर तापवताना तापमान सेन्सरने कळतं का?

सध्या रुग्णांवर तापमानासाठी बारीक तापमापी आत घालण्यावरच भरवसा ठेवला जातो. जर्मनीत पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर हा उपचार झाला. त्यात १२ नॅनोमीटरच्या गाभ्याचे कण थेट ट्यूमरमध्ये टोचून १०० किलोहर्ट्झचं क्षेत्र लावलं. कणांची वाटणी सीटी स्कॅनवरून काढली आणि तापमान आत बसवलेल्या तापमापीने तपासलं.

प्रयोगशाळेत एक सुंदर मार्ग सिद्ध झाला आहे. प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या तिप्पट आणि पाचपट वारंवारतेच्या संकेतांचं गुणोत्तर तापमानानुसार बदलतं. गुणोत्तर घेतलं की कणांचं प्रमाण गळून जातं, तापमान उरतं. सुईशिवाय आतलं तापमान कळण्याची ही खरी आशा आहे, आणि या क्षेत्रात यापेक्षा निकडीचं काम मला दिसत नाही.

११. नळीतल्या नमुन्यावर सेन्सर अचूक येतो, ऊतीत मात्र आकडा कमी येतो. बिघाड कुठे आहे?

बहुधा बिघाड नाहीच. कणांची अवस्था बदलली आहे. पाण्यात प्रत्येक कण मोकळा असतो. पेशीने गिळले की कण लहान पिशव्यांत दाटीवाटीने बसतात, फिरू शकत नाहीत आणि एकमेकांच्या क्षेत्राखाली येतात. तेवढंच लोह असूनही आलटत्या क्षेत्राला त्यांचा प्रतिसाद घटतो. तापवण्याच्या उपचारात उष्णताही याच कारणाने घटते.

म्हणून प्रमाणीकरणाचे नमुने तीन अवस्थांत करा: पाण्यात, जेलमध्ये अडकवलेले आणि पेशींनी गिळलेले. तिन्ही अवस्थांतल्या नमुन्यांमधल्या लोहाचं प्रमाण रासायनिक पद्धतीने स्वतंत्रपणे तपासा. मग ऊतीतला आकडा एका संख्येऐवजी पल्ला म्हणून द्या. कणांचा नवा घाणा आला की हे सगळं पुन्हा करा. गाभ्याच्या आकारातला थोडा फरकही काय करतो, ते प्रश्न ७ मधल्या हिशोबात दिसतं.

१२. दोन प्रयोगशाळांचे आकडे ३८ टक्क्यांनी वेगळे आले. असं कसं?

बरोबर ३८ टक्के असतील, तर एकाने लोहाचं वस्तुमान लिहिलं आहे आणि दुसऱ्याने मॅग्नेटाइटचं. १ मिलिग्रॅम लोह म्हणजे १.३८ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट. प्रत्येक आकड्यापुढे ‘लोह’ की ‘ऑक्साइड’ हे लिहा.

१३. शरीरात किती खोलवरचे कण मोजता येतात?

हातातल्या प्रोबने काही सेंटिमीटर. एकच वेटोळं कणांना चुंबकित करतं आणि तेच वाचतं, तेव्हा जातानाही घट आणि येतानाही घट. वेटोळ्याच्या मापापेक्षा बऱ्याच अंतरावर ही घट अंतराच्या सहाव्या घाताने होते. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टावा भाग उरतो.

खोलीची दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एका सेन्सरला उथळ असलेले थोडे कण आणि खोल असलेले जास्त कण सारखेच दिसू शकतात. सेन्सरांची रांग लावून, निरनिराळ्या दिशांनी क्षेत्र लावून ही संदिग्धता कमी करता येते. तरी गणिताला आतल्या शरीररचनेची माहिती सीटी किंवा एमआरआयमधून द्यावी लागते.

१४. पेसमेकर किंवा धातूचं रोपण असेल तर? आणि नंतर एमआरआय करता येतो का?

नुसत्या मोजमापाच्या क्षीण क्षेत्रात मुख्य प्रश्न संकेत बिघडण्याचा असतो, तापवण्याच्या क्षेत्रात इजेचा. मेंदूवरच्या त्या उपचारात (प्रश्न १०) दातांतलं धातूचं भरणही काढावं लागत असे. पेसमेकर असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

कण शरीरात असताना एमआरआय करता येतो, पण त्या भागाची प्रतिमा काळवंडते. फेरुमोक्सिटॉल हे लोहाच्या कमतरतेवर शिरेतून देण्याचं औषध याच जातीचे कण आहेत, आणि त्याचा परिणाम प्रतिमेवर तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. पुढच्या कोणत्याही एमआरआयच्या वेळी कण कधी आणि कुठे दिले होते ते सांगा. कर्करोगाच्या पाठपुराव्यात या एका वाक्याने चुकीचं निदान टळू शकतं. डेक्स्ट्रान किंवा शिरेतून दिलेल्या लोहाची ॲलर्जी आधी झाली असेल, तर तेही सांगायलाच हवं.

१५. काही आठवड्यांनी संकेत निम्मा झाला. कण शरीराबाहेर गेले का?

तसा निष्कर्ष काढू नका. शरीराला लोह बाहेर टाकण्याचा खास मार्ग नाही, रोज १ ते २ मिलिग्रॅमच जातं. भक्षक पेशी कण हळूहळू विरघळवतात, सुटलेलं लोह फेरिटिनमध्ये साठवलं जातं किंवा नव्या हिमोग्लोबिनसाठी वापरलं जातं. लोह तिथेच राहतं, पण फेरिटिनचा प्रतिसाद क्षीण असल्याने (प्रश्न ४) सेन्सरला ते दिसेनासं होतं. संकेत घटण्याची आणखी एक वाट म्हणजे पेशीतली दाटी (प्रश्न ११). तिन्ही शक्यता वेगळ्या करायच्या, तर सेन्सरच्या जोडीला ऊतीची रासायनिक तपासणी लागते.

१६. प्रोब त्वचेवर टेकवला की उणे आकडा येतो. हा कसला आकडा?

पाण्याचा. पाणी आणि त्यामुळे बहुतेक ऊती चुंबकीय क्षेत्राला अगदी किंचित उलटा प्रतिसाद देतात, सुमारे दहा लाखांत नऊ भाग. एक घन सेंटिमीटर पाण्याचा हा उलटा प्रतिसाद कणांच्या जातीनुसार काही ते काही दहा मायक्रोग्रॅम कणांच्या सुलट प्रतिसादाला खोडून टाकू शकतो. प्रोबसमोर तर अनेक घन सेंटिमीटर ऊती असतात.

म्हणून हवेत शून्य केलेला प्रोब थेट वाचू नका. त्याच रुग्णाच्या, कण नसलेल्या तशाच भागावर तितक्याच दाबाने टेकवून शून्य करा आणि मग मोजा. जास्त दाबलं की प्रोबसमोर जास्त ऊती येतात आणि आकडा आणखी उणे होतो. नवख्या हातांत मोजमाप डळमळतं ते बऱ्याचदा याच कारणाने. तिप्पट वारंवारतेचा संकेत (प्रश्न ८) वाचणाऱ्या यंत्रांना ही अडचण जवळजवळ नसते, कारण पाण्याचा प्रतिसाद सरळ रेषेत असतो.

आणि आकडा बरोबर शून्य आला, तर अहवालात ‘कण नाहीत’ असं लिहू नका. त्या खोलीवर, त्या प्रोबने किमान किती मायक्रोग्रॅम ओळखता येतात ते जेलमध्ये अडकवलेल्या नमुन्यावर आधी तपासा आणि ‘या मर्यादेच्या खाली’ असं त्या आकड्यासह लिहा.